डीप रिमची चाके आणि आपल्या पठारावरचा आडवा वारा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रोड सायकलसाठी मिळणाऱ्या कार्बनच्या डीप रिम (म्हणजे टायरपासून चाकाच्या मध्याकडे खोल जाणाऱ्या कडेच्या) चाकांची तुलना करणारा लेख वाचला. मराठी दैनिकाने अशा विषयाला पानभर जागा द्यावी, याचा बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सायकल चालवणाऱ्या आम्हा सर्वांना मनापासून आनंद झाला. वजन, किंमत आणि विंड टनेलमधले, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचणीचे, आकडे लेखात नीटनेटके दिलेले होते. मात्र आडव्या वाऱ्यात ही चाके हाताला कशी लागतात याविषयी ‘थोडी सवय करावी लागते’ एवढे एकच वाक्य होते आणि खराब रस्त्यावर ती कशी चालतात याविषयी तेवढेही नव्हते. आपल्या भागातल्या माणसाने एवढी महाग वस्तू घ्यावी की घेऊ नये, आणि घ्यायची तर कोणती, हे नेमके याच दोन गोष्टींवर ठरते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेल्या उघड्या पठारावर आहे. काकतीहून संकेश्वर, निपाणीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ढोबळमानाने दक्षिणोत्तर जातो. त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने पश्चिमेचा वारा जाताना सायकलस्वाराच्या डाव्या अंगावर असतो आणि परतताना उजव्या. पूर्णपणे पाठीवर तो क्वचितच मिळतो. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, तेव्हा निपाणीकडे जाताना डावीकडून आलेला झोत माणसाला वाहनांच्या बाजूला ढकलतो. परतीची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक धोक्याची आहे. वारा उजवीकडून असतो, म्हणून सायकलस्वार नकळत उजवीकडे कललेला असतो. तेवढ्यात उजवीकडून ट्रक पुढे जाऊ लागला की त्याच्या आडोशाने वारा क्षणात बंद होतो आणि कललेली सायकल ट्रकच्याच दिशेने सरकते. ट्रक पुढे गेला की तोच वारा पुन्हा अंगावर आदळतो. वंटमुरीच्या घाटात आणि तवंदीच्या उतारावर, जिथे रस्ता खोदलेल्या डोंगराच्या आडोशातून एकदम मोकळ्यावर येतो, तिथे ट्रक नसतानाही हाच प्रकार होतो. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी सुटणारे वारे तर दिशाही बदलत येतात. अशा रस्त्यांवर पुढच्या चाकाची रिम किती खोल आहे, हा हौसेचा प्रश्न राहत नाही.

आता या चाकांचा फायदा किती, ते आधी पाहू, कारण तो खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. हवेचा अवरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचाच दुसरा अर्थ असा की, ताशी ४५ किलोमीटर वेगाला एखाद्या चाकाने १० वॅट वाचवले, तर ताशी ३० किलोमीटरला तेच चाक जेमतेम ३ वॅट वाचवते. विंड टनेलमधले बहुतेक आकडे ताशी ४५ किंवा त्याहून अधिक वेगाचे असतात. आपल्याकडे हौसेने सायकल चालवणाऱ्यांपैकी बहुतेक जण लांबच्या पल्ल्याला २५ ते ३० च्या आसपास असतात. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरही पुरतात. शिवाय आपल्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी विरळ आहे, तेवढी बचत आणखी कमी होते. विजापूर, बागलकोटकडच्या ज्या सायकलपटूंनी राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या, त्यांच्या वेगाला हे गणित वेगळे लागू होईल. ते ज्या वेगाने जातात त्या वेगाला ६० मिलिमीटरची रिम आपली किंमत वसूल करते. मी लिहितो आहे ते सकाळी घरून निघून चोर्ला किंवा आंबोलीपर्यंत जाऊन येणाऱ्या माणसासाठी.

वेग कमी असण्याचा आणखी एक परिणाम होतो, ज्याचा उल्लेख अशा लेखांत क्वचितच येतो. सायकलवर बसलेल्या माणसाला वारा किती अंशांनी तिरका लागतो, हे त्याच्या स्वतःच्या वेगावरही अवलंबून असते. समजा, चाकाच्या उंचीवर ताशी १० किलोमीटरचा वारा अगदी आडवा वाहतो आहे. ताशी ४५ ने जाणाऱ्याला तो साडेबारा अंशांनी लागेल. ताशी ३० ने जाणाऱ्याला १८ अंशांनी. हवा रिमच्या अंगाला धरून वाहते तोवर डीप रिम अवरोध कमी करते. साधारण बारा ते पंधरा अंशांच्या पुढे बहुतेक रिमांवर हवा अंग सोडते आणि फायदा झपाट्याने कमी होतो. म्हणजे वेगवान माणसाला जो वारा मदत करतो, तोच वारा आपल्यासारख्याला फक्त ढकलतो. अर्थात हवामान खात्याचा वाऱ्याचा वेग जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेला असतो आणि चाकाच्या उंचीवर तो बराच कमी असतो, हेही लक्षात ठेवावे, नाहीतर मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्याने माणूस विनाकारण घाबरतो.

हाताला लागणारी ओढ नेमकी कुठून येते, हे समजून घेतल्याखेरीज दोन चाकांची तुलना करता येत नाही. पहिले कारण सरळ आहे: रिम खोल तितका वाऱ्याला सापडणारा पृष्ठभाग मोठा. साध्या हिशेबाने ३० मिलिमीटरच्या रिमची एका बाजूची जागा सुमारे ५७० चौरस सेंटिमीटर भरते, ४५ ची ८३०, ६० ची १,०८० आणि ८० ची जवळजवळ १,४००. तीसवरून साठवर जाताना ती दुप्पट होते. दुसरे कारण मात्र अधिक महत्त्वाचे आहे. मागच्या चाकावर वारा कितीही आदळला तरी ते चाक वळत नाही, त्यावर अंगाचे वजनही जास्त असते, म्हणून सायकल फार तर थोडी सरकते. पुढचे चाक हँडलला जोडलेले आहे. वाऱ्याचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो बिंदू स्टिअरिंगच्या अक्षापासून जितका पुढे, तितका तो दाब हँडल फिरवू पाहतो. जुन्या पद्धतीच्या, आतल्या म्हणजे चाकाच्या मध्याकडच्या कडेला टोकदार असणाऱ्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रिमांत हा बिंदू बराच पुढे असतो. आतली कड गोल आणि बोथट ठेवली की चाकाच्या मागच्या अर्ध्या भागातही हवा नीट वाहते, तिथेही दाब तयार होतो आणि तो पुढच्या दाबाला तोलून धरतो. स्टीव्ह हेड या अमेरिकन कारागिराने आणि झिप कंपनीने रिमच्या फुगीर आकारावर जे काम केले, त्याचे मर्म हेच आहे. झिपची फायरक्रेस्ट मालिका २०१० मध्ये आली, तेव्हापासून ‘हवेला कमी अडणारी रिम’ याच्या जोडीला ‘हँडल कमी ओढणारी रिम’ हा विचार इतर कंपन्यांनाही करावा लागला.

तिसरे कारण उतारावर कळते. त्याच आडव्या वाऱ्यात ताशी ३० वर जी बाजूची ओढ असते, ती ताशी ६० वर जवळजवळ दुप्पट होते, कारण चाकाला लागणारी एकूण हवाच दुप्पट वेगाची असते. म्हणून सपाटीवर फेरफटका मारून ‘काही त्रास होत नाही’ असे ठरवणे योग्य नाही. यातली सर्वांत वाईट गोष्ट दाबाचे प्रमाण ही नसून त्याचे अचानक बदलणे ही आहे. स्थिर वाऱ्यात माणूस कलून चालतो आणि शरीराला ते जमते. हवा रिमचे अंग सोडते त्या क्षणी बाजूचा दाब एकदम पडतो, पुन्हा धरते तेव्हा एकदम येतो, आणि हँडलला एकामागून एक हिसके बसतात. टोकदार आणि अरुंद रिमांत हे फार लवकर आणि फार तुटकपणे घडते. माझे वजन ५८ किलो आहे. जुन्या घडणीचे ६० मिलिमीटरचे अरुंद पुढचे चाक लावून संकेश्वरच्या हिरण्यकेशीच्या पुलावरून मोकळ्या वाऱ्यात जाताना मला हँडलच्या वरच्या भागावरून हात काढून पाण्याची बाटली घेणे अशक्य होई. त्याच रस्त्यावर, तशाच वाऱ्यात, ४५ मिलिमीटरचे रुंद आणि बोथट चाक लावल्यावर मी ती सहज घेऊ शकतो. माझ्यासोबत येणारे एक स्नेही ८५ किलोंचे आहेत. त्यांना ते ६० मिलिमीटरचे चाक फक्त ‘जरा जागे ठेवणारे’ वाटले. दोघेही खरेच सांगत होतो. म्हणून चाकाविषयी मत देणाऱ्याने आपले वजन सांगितलेच पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आता बाजारात काय आहे ते या दृष्टीने पाहावे. पुढचे आणि मागचे चाक वेगवेगळ्या खोलीचे ठेवण्याची पद्धत सर्वांत शहाणपणाची आहे आणि ती आता बरीच रुळली आहे. एन्व्हच्या एसईएस ४.५ या जोडीत पुढे ५० आणि मागे ५६ मिलिमीटर असते, ६.७ मध्ये पुढे ६० आणि मागे ६७. रोव्हलच्या रॅपिड सीएलएक्स या २०२० मध्ये आलेल्या जोडीत पुढची रिम ५१ मिलिमीटर खोल, पण बाहेरून तब्बल ३५ मिलिमीटर रुंद ठेवली होती आणि मागची ६० मिलिमीटर खोल असून ३१ मिलिमीटरच्याही आतच रुंद. पुढची रिम मागच्यापेक्षा उथळ आणि जास्त रुंद, ही रचना झोतात हँडल शांत राहावे याच हेतूने केलेली आहे. हंटच्या ४८ लिमिटलेसमध्येही पुढची रिम ३५ मिलिमीटर रुंद आहे. एवढी रुंदी वजन न वाढवता मिळावी म्हणून रिमच्या आत हलके पॉलिमर भरण्याची युक्ती त्यांनी केली. झिपच्या ४५४ एनएसडब्ल्यू या २०१६ च्या चाकाची आतली कड करवतीसारखी दातेरी आहे आणि प्रिन्स्टनच्या वेक ६५६० ची लाटेसारखी, ६० ते ६५ मिलिमीटरमध्ये वरखाली होणारी. हवा एकदम न सुटता थोडी थोडी सुटावी, हा त्यामागचा विचार. तो विचार मला पटतो, पण त्यासाठी मोजावे लागणारे पैसे मला पटत नाहीत, कारण पुढचे चाक पंधरा मिलिमीटरने उथळ घेतले तर तीच शांतता कितीतरी स्वस्तात मिळते. शिमानोची ड्युरा-एस चाके ३६, ५० आणि ६० अशा खोलीत मिळतात आणि कंपनीचे नाव, हबची टिकाऊ घडण, सुटे भाग मिळण्याची सोय या सर्व गोष्टींत ती उजवी आहेत; मात्र त्यांची रिम आतून, म्हणजे टायर बसतो त्या खाचेत, २१ आणि बाहेरून २८ मिलिमीटर रुंद आहे आणि आपल्या रस्त्यांसाठी ती मला अरुंद वाटते. का, ते पुढे येईलच. झिप ३०३ एस ही ४५ मिलिमीटर खोल आणि आतून २३ मिलिमीटर रुंद, ३०३ फायरक्रेस्ट ही ४० खोल आणि आतून २५ रुंद. पुढच्या चाकासाठी या मापाच्या आसपास असलेले कुठल्याही भरवशाच्या कंपनीचे चाक मी सुचवीन. मागे हौस असेल तर साठपर्यंत जायला हरकत नाही.

ऐंशी मिलिमीटरविषयी फार लिहीत नाही. वाऱ्यामुळे आयर्नमॅनच्या हवाई बेटावरील कोनाच्या स्पर्धेत मागे डिस्क चाक, म्हणजे तारांऐवजी थाळीसारखे पूर्ण बंद चाक, लावायलाही मनाई आहे आणि जागतिक सायकल संघटनेने रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींत रिमच्या खोलीवर २०२६ पासून ६५ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. कसलेल्या व्यावसायिक सायकलपटूंसाठी जे जास्त ठरवले गेले, ते तवंदीच्या उतारावर आपण पुढच्या चाकात लावू नये.

आता दुसरा प्रश्न, खराब रस्त्यावरच्या चालीचा. ‘डीप रिम अंग मोडते’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हे मत जुन्या अनुभवातून आले आहे आणि त्या अनुभवात चूक काही नाही, पण त्याचे कारण रिमच्या खोलीत नव्हते. रिमवर सरळ खाली भार आला तर ती, उथळ असो की खोल, मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे दबत नाही. टायर मात्र कित्येक मिलिमीटर दबतो. म्हणजे खड्ड्याचा हादरा सोसण्याचे जवळजवळ सगळे काम टायर आणि त्यातली हवा करतात, रिमच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते. पूर्वी डीप रिमसोबत २३ मिलिमीटरचे टायर असत आणि त्यांत ११० ते १२० पीएसआय हवा भरली जाई. अंग मोडत होते ते त्या हवेने. भर म्हणून पोकळ रिमचा आवाज ढोलासारखा घुमतो, आणि कानाला रस्ता जितका कर्कश लागतो तितका तो हातालाही लागतो आहे असे माणसाला वाटू लागते. फॅबियन कॅन्सेलाराने २०१० मध्ये पॅरिस-रूबेची दगडी फरशीची शर्यत झिप ३०३ या कार्बनच्या चाकांवर जिंकली, तेव्हा कार्बनची रिम अशा रस्त्यावर चालणारच नाही हा समज शर्यतींच्या जगात मागे पडला. आपल्याकडे तो अजून आहे.

इथे रिमच्या रुंदीचा प्रश्न येतो, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयातला हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण वाऱ्यातला ताबा आणि रस्त्यावरची चाल या दोन्ही गोष्टी इथे एकत्र येतात. आतून १७ मिलिमीटर असलेल्या रिमवर प्रत्यक्ष मोजून २८ मिलिमीटर भरणारा टायर आतून २३ मिलिमीटर असलेल्या रिमवर साधारण दोन मिलिमीटरने जास्त रुंद बसतो. तेवढ्याने त्यात हवा कमी भरता येते, रस्त्यावर पकड वाढते आणि वळणावर टायर रिमच्या वर डुलत नाही. वेंगुर्ले रस्त्यावर बाची, शिनोळीच्या आसपासची, किंवा जांबोटी सोडल्यावर कणकुंबीपर्यंतची पावसाळ्यानंतरची अवस्था आपल्याच दैनिकात दरवर्षी छापून येते. तिथे ३० ते ३२ मिलिमीटरच्या टायरला पर्याय नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन. मात्र टायर रुंद झाला की रिमही बाहेरून रुंद हवी. झिपमध्ये पूर्वी काम केलेले जोश पोर्टनर यांनी रूढ केलेला नियम असा की, रिमची बाहेरची रुंदी प्रत्यक्ष मोजलेल्या टायरच्या रुंदीच्या किमान १०५ टक्के असावी. टायर ३० भरला तर रिम साडेएकतीस हवी. तशी नसेल तर हवा टायर आणि रिमच्या सांध्यावरच सुटते, खोल रिमचा वेगाचा फायदा जातो आणि वर सांगितलेले हँडलचे हिसके लवकर सुरू होतात. म्हणजे बाहेरून २७-२८ मिलिमीटरच्या डीप रिमवर ३२ चा टायर चढवणारा माणूस रस्त्यापासून सुटतो, पण वाऱ्याच्या तावडीत सापडतो; आणि त्याच रिमवर २५ चा टायर चढवणारा वाऱ्यातून सुटतो, पण खड्ड्यात सापडतो. रुंद रिम घेतली तर ही निवड करावीच लागत नाही. आपल्या लेखातल्या तक्त्यात बाहेरच्या रुंदीचा रकानाच नव्हता, याचे मला म्हणूनच अधिक वाईट वाटले.

हवेच्या दाबाविषयी एक धोका सांगणे आवश्यक आहे. अलीकडच्या अनेक रुंद रिमा हुकलेस असतात, म्हणजे टायरची कड धरून ठेवणारी आतली वळी त्यांना नसते. अशा रिमवर ५ बार, म्हणजे साडेबहात्तर पीएसआयपेक्षा जास्त हवा भरायची नाही आणि कंपनीने मान्य केलेलाच टायर लावायचा, असा दंडक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये थॉमस डी गेंट याचा टायर रिमवरून सुटून तो पडला, तेव्हा या प्रकाराची जगभर चर्चा झाली. आपल्याकडे रोड सायकलच्या टायरला शंभर पीएसआय हवा भरण्याची सवय हाताला बसलेली आहे आणि वाटेतल्या पंक्चरच्या दुकानातल्या काट्यावर भरवसा ठेवावा अशी स्थिती नसते. म्हणून हुकलेस रिम घेणाऱ्याने स्वतःचा दाबमापक जवळ बाळगावा, आणि ज्याला ते कटकटीचे वाटते त्याने वळी असलेली रिमच घ्यावी. चालीत दोघांमध्ये काही फरक जाणवत नाही.

ज्यांच्या सायकलींना अजून रिम ब्रेक, म्हणजे रिमवरच घासून चाक थांबवणारे ब्रेक, आहेत, त्यांनी कार्बनच्या रिमांचा मोह टाळावा. चोर्ला घाट साखळीच्या बाजूला उतरताना ब्रेक सतत धरावे लागतात, त्या उष्णतेने कार्बनमधले राळ मऊ पडून रिम कायमची बिघडू शकते, आणि पावसात कार्बनच्या ओल्या रिमवर ब्रेक लागायला उशीर होतो. डिस्क ब्रेक असेल तर हा प्रश्न उरत नाही.

खड्ड्याविषयी आणखी एक. ॲल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली तर वाकते आणि बऱ्याचदा ठोकून, तारा ओढून पुन्हा चालवता येते. कार्बनची रिम चिरते, आणि चिरलेली रिम फेकावीच लागते. उसाच्या हंगामात रस्त्याला पडणारे चाकोरीसारखे चर, पुलांच्या सांध्यांवरचे लोखंड, घाटातले खचलेले काठ हे सारे पाहता, कार्बन घेणाऱ्याने रिम बदलून देण्याची कंपनीची अट नीट वाचूनच पैसे द्यावेत. ज्यांना वर्षातून काही मोजक्या वेळाच लांब जायचे आहे, त्यांच्यासाठी ३० मिलिमीटरच्या आसपासची, आतून रुंद असलेली ॲल्युमिनियमची चाके आणि उत्तम ३२ चे टायर ही जोडी मी कोणत्याही कार्बनच्या आधी सुचवीन; चालीत ती कुठेही कमी पडत नाही आणि वाऱ्यात ती सर्वांत शांत असते. चढावर, म्हणजे येळ्ळूरहून राजहंसगड चढताना, वजनातल्या दोन-तीनशे ग्रॅमचा फरक पडतो, पण तो माणसाच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या वजनापुढे फार थोडा आहे.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आमच्या शहरातल्या आणि कोल्हापूरच्या सायकल विक्रेत्यांना. लाखाच्या घरातली वस्तू ग्राहक दुकानात हात लावून घेतो आणि तिचा खरा स्वभाव महिन्यानंतर महामार्गावर त्याला कळतो, हे बरोबर नाही. प्रत्येक विक्रेत्याने ४०-४५ आणि ५५-६० मिलिमीटरची एकेक जुनी जोडी चाचणीसाठी ठेवावी आणि गिऱ्हाइकाला, हवी तर अनामत रक्कम घेऊन, एक दिवस वापरायला द्यावी. राजहंसगडाच्या वरच्या वळणांवर वारा सर्व दिशांनी लागतो. दुपारनंतर तिथून एकदा उतरले तरी पुढचे चाक आपल्याला झेपते की नाही ते समजते. चंदरगीच्या क्रीडाशाळेसारख्या ठिकाणी जी मुले तयार होत आहेत, त्यांच्यासाठी चाके विकत घेतानाही हीच काळजी घ्यावी, कारण मुलांचे वजन कमी असते आणि वारा त्यांना आधी ढकलतो.

दुसरी विनंती आपल्याला. यापुढे चाकांची तुलना छापताना पुढच्या आणि मागच्या रिमची खोली वेगवेगळी द्यावी, आतली आणि बाहेरची रुंदी द्यावी, चाचणीच्या वेळी कोणता टायर होता, तो प्रत्यक्ष किती भरला आणि त्यात किती हवा होती हे द्यावे, आणि चालवणाऱ्याचे वजन व त्या दिवशीचा वारा यांचा उल्लेख करावा. ज्या पाच जोड्यांची तुलना आपण केली, त्यांच्याबाबतची ही माहिती लेखकाकडे असणारच. ती पुढच्या रविवारी चौकटीत जरी छापली, तरी येत्या पावसाळ्याआधी चाके घेण्याच्या विचारात असलेल्या अनेकांना वेळेवर उपयोगी पडेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव